पाय लावलेली पोथी

दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढतात, तिच्यापुढे पुस्तकं मांडून हळदकुंकू वाहतात आणि आज पुस्तक उघडायचं नाही असं मुलांना बजावतात, तेव्हा माझं डोकं अजून तडकतं. वर्षाचे बाकीचे दिवस तरी कोण उघडतं? सुना म्हणतात, "सासूबाई, सणासुदीला कशाला चिडता?" मी चिडते, कारण मला द्वारकाकाकू आठवतात. त्या असत्या तर त्यांनी पाटी पुसून टाकली असती आणि पोरांच्या हातात पुस्तकं कोंबली असती.

मध्यंतरी आमच्या महिला मंडळात एका बाईंनी सगळ्यांना विचारलं, "तुमच्या आयुष्याला वळण लावणारं पुस्तक कोणतं?" एकेकीनं अशी भारदस्त नावं घेतली की ऐकणाऱ्याला वाटावं, या सगळ्या पोटात ज्ञान घेऊनच जन्माला आल्या. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "नाव ठाऊक नाही. पहिलं पान फाडलेलं होतं." बायका हसल्या. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

माझं लग्न झालं तेव्हा हे विंझरच्या शाळेत मास्तर होते. तेव्हाचा तो सगळा मुलुख भोर संस्थानातला. देवळाच्या मागे आम्हाला दोन खोल्या मिळाल्या होत्या. पलीकडच्या दोन खोल्यांत द्वारकाकाकू राहायच्या आणि आमच्या दोघींच्या मध्ये एक कुडाची भिंत होती. पहिल्याच दुपारी मी भांडी लावत बसले होते तर पलीकडून आवाज आला, "खोटारड्या! चुलीपुढे कधी बसलायस का जन्मात? म्हणे गृहिणीचं सुख!" मी घाबरले. संध्याकाळी ह्यांना विचारलं, "शेजारच्या काकू कुणाशी भांडतात हो?"

"लेखकाशी," हे म्हणाले आणि शांतपणे जेवायला बसले.

खरंच होतं ते. काकू मुकाट वाचत नसत. पुस्तकात पटलं तर "हां, हे बरोबर" म्हणून मांडीवर थाप, नाही पटलं तर जमिनीवर तळहात आणि तोंडाचा पट्टा सुरू. ठेंगणा बांधा, अंगावर विधवेचं लाल आलवण, केशवपन केलेल्या डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला पदर, आणि चष्म्याची एक काडी मोडली होती तिथं सुतळी. ती सुतळी कानाला गुंडाळायची आणि मगच पुस्तक उघडायचं. दुसऱ्या दिवशी त्या आमच्याकडे आल्या त्या पाटाची वाट न पाहता सरळ माझ्या ट्रंकेजवळ गेल्या. "पुस्तकं काय आणलीस?" मी लाजत एक पुस्तक दाखवलं. आईनं मला दिलं होतं, आणि मी त्याला मखमलीचं वेष्टण शिवून वर टिकल्यांची वेलबुट्टी काढली होती. काकूंनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"वेष्टणाला किती दिवस लागले?"

"महिना झाला असेल."

"आणि वाचायला?"

मी ट्रंकेचं झाकण लावायला वळले. काकूंनी टिकल्यांची ती वेलबुट्टी नखानं टराटरा उसवली आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. मी त्या दिवशी रडले होते. आता आठवलं की वाटतं, बरं केलंत काकू.

वाचलं की करून बघायचं, हा त्यांचा खाक्या. डबक्यातल्या पाण्यात डास वाढतात आणि डासांनी हिवताप येतो असं एका पुस्तकात त्यांनी वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळ घेऊन या बाई गावभर हिंडल्या आणि लोकांच्या परसातली डबकी त्यांनी फोडून काढली. लोक ओरडले, "काकू, गुरं कुठं पानी पितील?" काकू म्हणाल्या, "गुरं ओढ्यावर पाजा, आणि तुम्ही जगा." विहिरीत उतरून अंघोळ करणाऱ्या बाप्यांना त्यांनी काठीनं हुसकलं. भोरला गेल्या की तिथल्या एका वाचनालयाच्या पायरीवर उभ्या राहायच्या. आत जाण्याची बायकांना तेव्हा सोय नव्हती. कारकुनानं एकदा त्यांना व्रतांच्या कहाण्यांचं पुस्तक आणून दिलं. "बायकांसाठी हेच आहे," म्हणाला. काकूंनी ते पायरीवरच त्याच्या पुढ्यात आपटलं. "हे मला तोंडपाठ आहे. मला जे पाठ नाही ते आण."

हा राग आला कुठून, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. आम्ही दोघी कंदिलाच्या काचा पुसत बसलो होतो.

त्यांचं सासर भोरातलं, वकिलाचं. सासऱ्यांचं काचेचं कपाट होतं आणि त्यात सोनेरी अक्षरांची पुस्तकं रांगेनं उभी होती. आल्यागेल्याला सासरे ते कपाट दाखवायचे. घरातल्या बायकांनी काच बाहेरून पुसायची, एवढाच बायकांचा आणि पुस्तकांचा संबंध. काकूंना पाठोपाठ दोन मुलगे झाले. दोघेही चांगले बाळसेदार. पाचवी पुजून झाली की पुढच्या दोन-तीन दिवसांत बाळाची दातखिळी बसायची, दूध ओढता यायचं नाही, अंग लाकडासारखं ताठ व्हायचं, आणि खेळ खलास. घरात म्हणाले, सटवीनं नेलं. काकूंनी मानलं. मग नवरा तापानं गेला. काकूंचं केशवपन झालं आणि त्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गेल्या. दिराच्या मुलांना शिकवायला पंतोजी यायचे. काकू दाराआड भाजी चिरत बसायच्या आणि मुलांबरोबर मुळाक्षरं शिकायच्या. हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. विळीवर बसलेल्या विधवेकडे कोण बघतं?

एकदा घरची सगळी माणसं लग्नाला गेली. शुभकार्याला काकूंना नेणार कोण? त्या एकट्या घरी राहिल्या आणि त्यांनी कपाट उघडलं. सगळ्यात बारीक दिसलं ते पुस्तक ओढून काढलं. छापखान्यातून आलं तसंच होतं, पानं एकमेकांना जोडलेली, कुणी कापलीच नव्हती. काकूंनी ती विळीवर कापली. एका डॉक्टरानं बायकांसाठी लिहिलेलं बाळंतपणाचं पुस्तक होतं ते. त्यात लिहिलं होतं की नाळ कापायची ती उकळलेल्या शस्त्रानं, बांधायची ती उकळलेल्या दोऱ्यानं, आणि तिच्यावर राख, शेण, माती काही लावायचं नाही. लावलं तर थोड्याच दिवसांत बाळाची दातखिळी बसते.

"पहिल्या पानावर मामंजींची सही होती," काकू म्हणाल्या. "खाली साल. माझ्या लग्नाच्या आधीचं साल गं. माझ्या बाळंतिणीच्या खोलीला लागून ते कपाट. मध्ये एक भिंत. देवानं पोरं नेली असती तर मी देवाशी भांडले असते. माझी पोरं या लोकांच्या आळसानं मेली. एकानं, कुणी एकानं, पान कापलं असतं तर जगली असती."

सासऱ्यांना त्यांनी तोंडावर विचारलं. सासरे म्हणाले, "बायकांनी वाचायचं पुस्तक नाही ते." बायकांसाठी लिहिलेलं पुस्तक बायकांनी वाचायचं नाही! काकूंनी ते पुस्तक आलवणात गुंडाळलं आणि नवऱ्याच्या वाट्याची भातखाचरं विंझरला होती तिथं येऊन राहिल्या. पुढे सासरे वारले, वकिली आणि कपाट दोन्ही दिरांकडे गेली. हे ऐकताना माझ्या हातातली काच फुटली होती. काकू म्हणाल्या, "फुटू दे. असंच काहीतरी फुटायला हवं."

विंझरलाही तेच चाललं होतं. घरोघर सटवी पोरं नेत होती. काकू दारोदार जाऊन पुस्तकातलं सांगायच्या आणि बायका दार लोटून घ्यायच्या. केशवपन केलेली बाई, तिची दोन्ही पोरं गेलेली, तिनं गरोदर बाईच्या दारात उभं राहून बाळंतपणाच्या गोष्टी बोलायच्या, हा त्यांना अपशकुन. गावची सुईण ठकूबाई. उभ्या गावची बाळंतपणं तिनं केलेली, हात मायेचा, पण डोक्यात एकदा बसलं ते बसलं. ती काकूंना म्हणायची, "काकू, तुमचं बुक तुमच्यापाशी. माझ्या सासूनं मला इळा दिला, तिच्या सासूनं तिला."

मग एका श्रावणात देवळात पोथी लावायला येणारे पुराणिक आजारी पडले. बायका काकूंकडे आल्या. "काकू, तुमाला वाचाया येतंय. तुमीच लावा की पोथी." काकूंनी होकार दिला आणि त्या संध्याकाळी माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. "तुझ्याकडे लाल कापड आहे का?" मी माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा दिला. काकूंनी ते बाळंतपणाचं पुस्तक घेतलं, त्याचं पहिलं पान फाडलं, आत चित्रं होती ती कागद चिकटवून झाकली आणि पुस्तक लाल कापडात बांधलं. मी म्हटलं, "काकू, हे काय करताय?"

"पुस्तक ऐकायला या म्हटलं तर एक येत नाही. पोथी ऐकायला सगळ्या येतात. येऊ देत."

आणि आल्या की! चौरंगावर पोथी ठेवली. बायकांनी फुलं वाहिली, अक्षता टाकल्या. काकूंनी आधी गणपतीला, मग कुलदेवतेला नमन केलं आणि पुराणिकांच्या सुरात, लांबण लावून, डॉक्टरांचं पुस्तक वाचायला सुरुवात केली. गरोदर बाईनं काय खावं याचा पहिला अध्याय. हात कसे धुवावेत याचा दुसरा. नाळ उकळलेल्या शस्त्रानं कापावी तो अध्याय त्यांनी पुन्हा पुन्हा लावला. बायका माना डोलवायच्या. अध्याय संपला की गजर व्हायचा. सगळ्यात पुढे ठकूबाई, सगळ्यात मोठा आवाज ठकूबाईचा. पोथी आवरताना ती पुस्तकावर डोकं टेकायची आणि म्हणायची, "काय ग्वाड पोथी हाय! ऐकून कान निवलं."

हौसा तिथंच खांबाला टेकून बसायची. विशीतली पोर, अंगानं काटकुळी. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिचं माहेरचं गाव भाटघरच्या धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं आणि आईबाप कुठल्या मुलखात पोट भरायला गेले होते, देव जाणे. त्यामुळे पहिलं बाळंतपण सासरीच झालं, आणि ते पोर सटवीनं नेलं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. काकूंचा सगळा जीव त्या हौसावर. पोथी संपली की तिचा हात धरायच्या. "हे तुझं जगणार. कळलं का? जगणार." त्या महिन्यात कुडापलीकडून मला भांडण ऐकू आलं नाही. एकाही लेखकाला काकूंनी शिवी दिली नाही.

समाप्तीला पुरणाचा नैवेद्य झाला. ठकूबाई म्हणाली, "पोथी आता देवळातच ऱ्हाऊ द्या. घरी कुठं नेताय?" काकूंना पुस्तक तोंडपाठच होतं. त्यांनी लाल कापडासकट ते देवळाच्या कोनाड्यात ठेवलं.

दिवाळीनंतर त्या नवऱ्याच्या श्राद्धासाठी भोरला गेल्या. हौसाचे दिवस भरायला अजून अवकाश होता, म्हणूनच गेल्या. पण ती आधीच, एका रात्री, बाळंत झाली; मला सकाळी कळलं. मुलगा झाला. बाळ सहा-सात दिवसांचं होतं तेव्हा काकू परत आल्या. बैलगाडी आमच्या दारात थांबली, मी सांगितलं, आणि काकू हातातलं बोचकं तिथंच टाकून हौसाच्या घराकडे धावत सुटल्या. मी मागोमाग. अंगणात हौसाची सासू आणि ठकूबाई बसल्या होत्या. दोघींचे चेहरे बघूनच काकूंनी ओळखलं.

"दूध ओढतंय का?"

"कालपास्नं न्हाई," सासू म्हणाली. "तोंडच उघडंना."

"नाळ कशानं कापली?"

"इळ्यानं," ठकूबाई म्हणाली.

"उकळला होता?"

ठकूबाई गोंधळली. मग समजूत काढल्यासारखं म्हणाली, "काकू, आवो समदं येवस्थित केलं. पोथी आणून हौसाच्या उशाशी ठेवली. इळा आदी पोथीला लावला, पाया पडले, आन् मगच नाळ कापली. कायसुदिक कमी ठेवलं न्हाई."

"ठकूबाई," काकूंचा आवाज इतका बारीक झाला की मला भीती वाटली, "पोथीत काय वाचलं होतं मी? महिनाभर काय ओरडत होते?"

"ते पोथीतलं हाय, काकू. पोथीत तर देव डोंगर उचलत्यात, समिंदर पिऊन टाकत्यात. आपून करायचं असतं व्हय तसं? आपून ऐकायचं. पुन्य लागतं."

ती खोटं बोलत नव्हती आणि टिंगलही करत नव्हती. आम्हा सगळ्यांना लहानपणापासून जे शिकवलं तेच ती सांगत होती. मला तिथंच दगड उचलून कुणाला तरी मारावासा वाटला, पण मारायचा कुणाला?

पोर दुसऱ्या दिवशी गेलं. त्याला पुरून माणसं परत आली त्या दुपारी देवळातली घंटा वाजायला लागली. थांबेचना. बायका हातातली कामं टाकून धावल्या. काकू घंटा बडवत होत्या. सगळ्या जमल्यावर त्यांनी कोनाड्यातून पोथी काढली. बायकांना वाटलं, आता शांतीसाठी काही वाचणार. दोघीचौघींनी पदर सावरून बैठक मारली. काकूंनी लाल कापड सोडलं, भिरकावून दिलं, पुस्तक देवळापुढच्या फरशीवर ठेवलं, आणि त्याच्यावर पाय दिला.

चुकून पाय लागला तरी आपण पुस्तकाला हात लावून तो कपाळाला लावतो. काकू दोन्ही पावलं रोवून पुस्तकावर उभ्या राहिल्या. एक बाई किंचाळली. कुणी डोळे झाकले. हौसाही तिथं आली होती. ओल्या बाळंतिणीनं घराबाहेर पडायचं नसतं, पण बाळच नव्हतं तर बाळंतीण कसली, म्हणून तिला कुणी अडवलं नसावं.

"पडा पाया आता!" काकू ओरडल्या. "पडा ना! ही पोथी नाही. कधीच नव्हती. एका माणसानं लिहिलंय हे. देवानं सांगितलेलं ऐकायचं असतं ना? ठीक. पण माणसानं सांगितलेलं करायचं असतं, बायांनो! मीच मूर्ख. मी त्याला लाल फडकं गुंडाळलं. मी त्याला पोथी केलं आणि तुम्ही त्याची पूजा केलीत. पोरगं गेलं!"

"पाप लागंल, काकू," ठकूबाई रडत म्हणाली. "उतरा खाली."

"लागू दे. तुझ्या विळ्याला लागलंय त्याच्यापेक्षा जास्त नाही लागणार."

ठकूबाईला हे बोलणं अन्यायाचं होतं. पण रागाला तेव्हा दुसरं दार नव्हतं.

आता बघा माणसांची रीत. हौसाची दोन पोरं गेली तेव्हा चावडीवर चिटपाखरू जमलं नव्हतं. गावातली किती पोरं अशीच गेली, त्यासाठी कुणी कधी घोंगडी अंथरून बसलं नाही. पुस्तकाला पाय लागला म्हटल्यावर मात्र दुसऱ्या दिवशी सगळे बाप्ये हजर. पाटील आले, गुरव आला, ज्यांनी जन्मात अक्षर वाचलं नाही तेही विद्येचा अपमान झाला म्हणून संतापले. भोरहून वकील दीर आले, डोक्यावर पगडी ठेवून. आम्ही बायका भिंतीआड उभ्या राहून ऐकत होतो.

"वहिनी," वकील म्हणाले, "तुम्ही पुस्तकाला पाय लावलात? आपल्या घराण्यातल्या बाईनं?"

"लावला, भाऊजी. तुमच्या कपाटातल्या पुस्तकांना इतक्या वर्षांत कुणी पाय लावला नाही. हातही लावला नाही. पूजा केलीत त्यांची. माझी पोरं मेली."

वकील पगडी नीट करायला लागले. कोर्टात फार बोलायचे म्हणे. पाटील म्हणाले, "काकू, गावापुढं पुस्तकाच्या पाया पडा, माफी मागा, आन् मिटवून टाकू." काकू म्हणाल्या, "मी त्याच्या पाया पडले तर परत तेच होईल. नाही पडणार." मग त्यांना देवळात यायला बंदी झाली. बायकांनी त्यांच्याशी बोलायचं नाही असं ठरलं. हे शाळेत मास्तर म्हणून मला कुणी काही बोललं नाही. मी जातच राहिले. पण काकू आता वाचत नसत. पुस्तक चुलीजवळ पडलेलं असे, पावलांचे ठसे तसेच. कुडापलीकडची ती शांतता मला भांडणापेक्षा भयंकर वाटायची.

वर्ष-दीड वर्षानं हौसाला पुन्हा दिवस गेले. विहिरीवर ती मला एकटी भेटली. कळशी बाजूला ठेवून म्हणाली, "बाई, काकूनी पुस्तकावर पाय दिला ना, तवाच मला उमगलं. देवाच्या पोथीवर त्या पाय देनार न्हाईत. त्या लई देवभोळ्या हायत्या, मला म्हाईत हाय. म्हंजी ती पोथी न्हवतीच. म्हंजी त्यातलं करायचं व्हतं." मग कळशी डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "आवंदा मी करनार."

हे मी काकूंना सांगितलं. त्या चुलीतली लाकडं सारत राहिल्या. पण त्या दुपारी कुडापलीकडून जमिनीवर तळहात आपटल्याचा आवाज आला. मला इतकं बरं वाटलं!

भाताची झोडणी चालू होती त्या दिवसांत हौसाला कळा सुरू झाल्या. दिवस चांगला वर आला होता. काकूंना त्या घरात पाऊल टाकायची मनाई. त्या अंगणात जाऊन बसल्या, भर उन्हात, सोवळ्याच्या आलवणासकट. मी बाजूला उभी. सासू म्हणाली, "निगा हितनं." काकू हलल्या नाहीत. आतून हौसाचं ओरडणं येत होतं आणि मध्येच ठकूबाईचा आवाज, "आगं पोरी, हे काय खूळ घेतलंस! नाळ कापाया आता कुठला इळा उकळू?" आणि हौसा, कळांनी अर्धमेली, "उकळल्याबिगर हात लावायचा न्हाई! लावलास तर चाविन!"

शेवटी ठकूबाई विळा घेऊन बाहेर आली. तो तिनं काकूंच्या पुढ्यात टाकला. "घ्या! उकळा तुमीच! तुमी आन् ती, दोगींनी डोकं फिरवलंय माझं!"

काकूंनी सासूची परवानगी विचारली नाही. अंगणातल्या चुलवणावर पातेलं चढवलं, विळा टाकला, दोरा टाकला. राखेचं वाडगं ठकूबाईनं दाराशी तयार ठेवलं होतं, ते त्यांनी लाथेनं उडवलं. उंबऱ्याच्या आत मात्र त्या गेल्या नाहीत. बाहेरूनच ओरडत होत्या, "हात धुतलेस का? साबणानं? कोपरापर्यंत धू! दोरा हातात धरू नको, पातेल्यातून सरळ काढ!" आणि आतून ठकूबाई, "धुतलं वो! गप बसा की जरा! सतरांदा सांगतीया बाई!"

मुलगी झाली. पाचवी पुजली. नंतरचे ते भीतीचे दिवस आले तेव्हा गावातल्या बायका पाण्याला जायच्या निमित्तानं हौसाच्या दारावरून जायच्या आणि कान देऊन ऐकायच्या. आतून पोरीचं रडणं यायचं, खणखणीत. ठकूबाई बाळाला न्हाऊ घालायची आणि तोंडात बोट घालून बघायची. पोर चोखायची. ठकूबाईनं एक दिवस मला येऊन सांगितलं, "मास्तरीणबाई, बोट चावतीया!" आणि तिथंच बसून रडली. किती पोरांची आठवण तिला आली असेल कोण जाणे. तिच्यावर मला तेव्हा राग धरता आला नाही. राग धरायला दुसरी पुष्कळ माणसं होती, आणि त्यातली बरीच शिकलेली होती.

त्याच सुमाराला ह्यांची वरव्याच्या शाळेत बदली झाली. आम्ही निघालो तो नेमका बारशाचा दिवस. हौसाच्या घरी बायका जमल्या होत्या, पाळणा सजवला होता. काकूंना बोलावणं नव्हतं. गावानं अजून त्यांना माफ केलं नव्हतं, आणि केलं असतं तरी विधवेला पाळण्यापाशी कोण उभं करतं? हौसानं घुगऱ्या मात्र कुणाच्या तरी हाती पाठवल्या होत्या. त्या पानावर तशाच होत्या आणि काकू ओट्यावर बसल्या होत्या.

बैलगाडीत सामान चढलं होतं. मी काकूंना नमस्कार केला. म्हटलं, "काकू, आत्ताच बघून आले. पोरगी अशी गुटगुटीत झालीय, बघणाऱ्याची दृष्ट लागेल. तुम्ही जिंकलात. आज तरी हसा."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. पुस्तकावर उभ्या राहिल्या तेव्हाही नाही.

"हसू?" त्या म्हणाल्या. "काय केलं गं आपण? सांग ना, काय केलं? पाणी उकळलं!"

पलीकडे बायकांनी पाळण्याचं गाणं सुरू केलं.

"एवढंच होतं," काकू ओट्यावर तळहात आपटत म्हणाल्या. "एवढंच करायचं होतं! एक पातेलं पाणी! घरात दहा माणसं होती, चूल पेटलेली होती, पाणी होतं. माझे दोघे... एक पातेलं पाणी गं!"

मी त्यांचा हात धरायला गेले तर त्यांनी तो हिसडून घेतला. "जा तू," म्हणाल्या. "बैल खोळंबलेत." गाडी वळणावर आली तेव्हा मी मागं पाहिलं. काकू तशाच बसून ओट्यावर हात आपटत होत्या, आणि बारशाच्या गाण्यात तो आवाज मला ऐकू येत नव्हता.